हात थांबला, आणि माणूसही : कंपवाताच्या एका रुग्णावरील डीबीएस

(ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि घरचे काही तपशील बदलून लिहिले आहेत. डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन: मेंदूत खोलवर तार बसवून छातीतल्या बॅटरीवरून तिथे सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचार.)

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात हुपरीच्या पट्ट्यात घरोघरी चांदीकाम चालतं. त्या पट्ट्यातला हा पैंजण घडवणारा कारागीर. वय ५९, शिक्षण दहावी, कामाचा हात उजवा. पैंजणाच्या कड्या जुळवून झाळायच्या तर एका हातात चिमटा, दुसऱ्यात फुंकणी, आणि दोन्ही हात आठ-दहा सेकंद तसेच धरून ठेवायचे. नेमकं हे धरून ठेवणंच नऊ वर्षांपूर्वी बिघडायला लागलं.

सुरुवात उजव्या अंगठ्यापासून झाली. हात मांडीवर स्वस्थ ठेवला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी हलत, विडी वळावी तशी. पहिले आठ महिने वयाचा किंवा अनुवंशिक कंप समजून प्रोप्रॅनोलॉल देण्यात आलं. फरक पडला नाही. मग एका डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं. उजवा हात झुलत नव्हता, आणि वहीतलं अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होत होतं. तिथे कंपवाताचं (पार्किन्सनचं) निदान पक्कं झालं.

या रुग्णाचा कंप नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे निर्णय त्यावरच झाले. कंपवाताचा कंप विश्रांतीत असतो, हालचाल सुरू केली की थांबतो, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्यामुळे ओपीडीत ‘बोट नाकाला लावा’ म्हटलं की यांचा हात सरळ जाई आणि नोंद होई: कामाला अडचण नाही. प्रत्यक्षात हात एका जागी पाच-सहा सेकंद धरला की कंप पुन्हा डोकं वर काढायचा. झाळायला लागणारा वेळ त्याहून मोठा. ही गोष्ट लक्षात आली ती मुलाने मोबाईलवर काढलेल्या दीड मिनिटाच्या चित्रफितीमुळे. तोवर सात वर्षं गेली होती.

अडचण

रुग्ण मेंदूविकार केंद्रात आला तेव्हा चालू असलेली औषधं अशी: कंपवाताचं मुख्य औषध लेव्होडोपा-कार्बिडोपा १००/२५ ची दीड गोळी दिवसातून पाच वेळा (म्हणजे लेव्होडोपा ७५० मिलिग्रॅम), प्रॅमिपेक्झोल १.५ मिलिग्रॅम, रासाजिलीन १ मिलिग्रॅम, अमँटाडीन १०० मिलिग्रॅम दोनदा आणि ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम तीनदा. शेवटचं सोडून बाकी सगळ्यांची ताकद लेव्होडोपाच्या मापात मांडली तर बेरीज सुमारे १२०० मिलिग्रॅम होते.

एवढं देऊनही ताठरपणा आणि मंदपणा बऱ्यापैकी आटोक्यात, पण कंप जवळजवळ जसाच्या तसा. महिनाभर लेव्होडोपा १००० पर्यंत नेऊन पाहिला. मान-खांद्याच्या वेड्यावाकड्या हालचाली तेवढ्या वाढल्या, कंप ढिम्म. ही पायरी गाळू नये. ‘औषधाला दाद न देणारा कंप’ म्हणून पाठवलेल्या अनेकांना मुळात औषध पुरेसं दिलेलंच नसतं.

दुसरी अडचण घरच्यांनी सांगितली. मालाच्या ऑर्डरी विसरणं, तोंड कोरडं, बद्धकोष्ठता. याचा संशय ट्रायहेक्सिफेनिडिलवर होता. कंपासाठी हे औषध आपल्याकडे अजून सढळ हाताने दिलं जातं, आणि साठीच्या आसपास ते स्मरणशक्तीवर बऱ्याचदा परिणाम दाखवतं.

तिसरी अडचण मात्र विचारूनही बाहेर आली नव्हती. प्रॅमिपेक्झोलने आवेगांवरचा ताबा सुटू शकतो, म्हणून ते घेणाऱ्याला जुगार, खरेदी, खाणं, लैंगिक इच्छा यांबद्दल विचारायचं असतं. ‘जुगार खेळता का?’ या प्रश्नाला यांनी दोनदा ‘नाही’ म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. ते रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चांदीचे वायदे (पुढच्या भावावरचे सौदे) करत होते. त्यांच्या लेखी तो जुगार नव्हता, धंद्याचाच भाग होता. दलाली पेढीचे संदेश मुलाच्या मोबाईलवर यायला लागले तेव्हा दीड वर्षात गेलेली रक्कम कळली. प्रश्न माणसाच्या धंद्याच्या भाषेत विचारला नाही तर उत्तर मिळत नाही. हा मुद्दा पुढे वेगळ्याच वाटेने परत येणार होता.

तपासण्या

लेव्होडोपा चाचणी घेतली. आदल्या रात्रीपासून १२ तास औषध बंद; प्रॅमिपेक्झोल शरीरात जास्त वेळ राहतं म्हणून ते आणखी आधीपासून बंद. सकाळी उपाशीपोटी हालचालींचे गुण मोजले (जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, कमाल १३२). मग लेव्होडोपा २५० मिलिग्रॅम देऊन तासाभराने पुन्हा. ४६ वरून २५, म्हणजे सुमारे ४६ टक्के सुधारणा. शस्त्रक्रियेसाठी साधारण एक तृतीयांश सुधारणा पुरेशी धरतात, पण एकूण आकड्यावर थांबायचं नाही. त्यातले कंपाचे गुण १४ वरून फक्त ९ वर आले होते. लेव्होडोपाने जे सुधारतं ते डीबीएसने सुधारतं, हा ढोबळ नियम. कंप त्याला अपवाद आहे: औषधाला न जुमानणारा कंपही डीबीएसला जुमानतो. म्हणून कंपाचे गुण वेगळे मांडून पाहायचे.

स्मरणशक्तीच्या मराठी मोका चाचणीत ३० पैकी २२ गुण आले, कमी शिक्षणाचा एक वाढीव गुण धरून. इथे पहिला खरा निर्णय होता. २२ गुणांवर अनेक केंद्रं शस्त्रक्रिया नाकारतील आणि ते चूकही नाही, कारण विस्मरण सुरू झालेल्या मेंदूत डीबीएसने गोंधळ वाढतो. पथकाने नकार दिला नाही आणि होकारही दिला नाही. ट्रायहेक्सिफेनिडिल सहा आठवड्यांत पायरीपायरीने बंद केलं आणि चाचणी पुन्हा घेतली. २६. त्या सहा आठवड्यांत कंप वाढला, पंधरा दिवस कारखाना बंद राहिला, घरचे वैतागले. तरी ही वाट पाहणं वाया गेलं नाही. ते सहा आठवडे नसते तर एकतर चांगला उमेदवार हातचा गेला असता, नाहीतर औषधाचं विस्मरण डीबीएसच्या माथी आलं असतं.

३ टेस्ला एमआरआयमध्ये मेंदूचा आकार वयाला साजेसा, जुने झटके नाहीत. नैराश्याची चाचणी सौम्य. रक्तदाब गोळीवर आटोक्यात.

पर्याय

पहिला पर्याय शस्त्रक्रिया न करण्याचा, म्हणजे औषधं नव्याने बसवायची. तो आजमावून झाला होता. अपोमॉर्फिन या औषधाचा पंप दिवसभरातल्या असराच्या चढउतारांना चांगला, पण यांची तक्रार चढउतारांची नव्हती.

दुसरा, केंद्रित ध्वनिलहरींनी थॅलॅमस या मेंदूतल्या खोल भागातला ठिपका जाळणं. कवटी उघडावी लागत नाही, यंत्र बसवावं लागत नाही, एमआरआयमध्ये पडल्या पडल्या कंप थांबलेला दिसतो. कुटुंबाचा कल इकडेच होता आणि तो समजण्यासारखा होता. भोक नाही, बॅटरी नाही, दर महिन्याला फेऱ्या नाहीत. पण जाळलेलं परत आणता येत नाही, मात्रा नंतर कमीजास्त करता येत नाही, आणि थॅलॅमसमधल्या या उपचाराने ताठरपणा व मंदपणा हलत नाही. यांचा डावा हात नुकताच जड होऊ लागला होता. सत्तरीतल्या, एकाच बाजूला कंप असलेल्या, यंत्र नको म्हणणाऱ्या माणसाला हा मार्ग चांगला आहे. ५९ व्या वर्षी, पुढे वीसेक वर्षं आजार वाढत जाणार असताना, नाही.

तिसरा, डीबीएस. पण कुठे? थॅलॅमसच्या ‘व्हिम’ भागात की सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये की ग्लोबस पॅलिडसमध्ये? तिन्ही हालचालींशी संबंधित, मेंदूत खोलवरच्या जागा. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे १९८७ मध्ये अलिम-लुई बेनाबिद यांच्या पथकाने कंपासाठी पहिल्यांदा जी जागा वापरली ती व्हिमच. थॅलॅमसमधला ठिपका जाळण्याआधी जागा बरोबर आहे का हे पाहायला विजेचे सौम्य झटके देत असत. झटक्यांची गती सेकंदाला शंभराच्या आसपास नेली की कंप थांबतो, हे तिथे दिसलं, आणि मग जाळण्याऐवजी तार तिथेच ठेवण्याची कल्पना निघाली. कंपापुरतं पाहिलं तर व्हिम आजही उत्तम. पण ध्वनिलहरींना जो आक्षेप तोच इथेही: कंप सोडून बाकी आजार तसाच राहतो. शिवाय दोन्ही बाजूंना व्हिममध्ये तार घातली तर बोलणं आणि तोल बिघडण्याची शक्यता वाढते.

सबथॅलॅमिक न्यूक्लियसने कंप, ताठरपणा, मंदपणा तिन्ही सुधारतात आणि औषधंही बरीच कमी करता येतात. पॅलिडसने वेड्यावाकड्या हालचाली थेट कमी होतात, मनावर परिणाम कमी, पण औषधं फारशी उतरत नाहीत. इथे वायद्यांचा मुद्दा निर्णायक ठरला. प्रॅमिपेक्झोल बंद करायचंच होतं, आणि औषध उतरवायला जागा देणारं लक्ष्य सबथॅलॅमिक. दोन्ही बाजूंना तारा घालायचं ठरलं. हा निर्णय आजही योग्यच वाटतो. चूक झाली ती त्यानंतर.

बॅटरीचाही निर्णय होता. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत संपते आणि बदलायला पुन्हा छेद द्यावा लागतो. पुन्हा चार्ज होणारी पंधरा वर्षांच्या आसपास चालते, पण सुरुवातीला महाग आणि आठवड्याला तासभर चार्जिंग. कंपासाठी सहसा जास्त विद्युतप्रवाह लागतो, म्हणजे साधी बॅटरी लवकर संपणार. घरातली चांदी मोडून चार्ज होणारी घेतली. विम्याने निम्म्याहून कमी खर्च उचलला.

धोके आकड्यांत सांगितले: मेंदूत त्रासदायक रक्तस्राव शंभरात एक-दोघांना, जंतुसंसर्ग शंभरात तीन ते पाच जणांना, आणि संसर्ग बॅटरीपर्यंत गेला तर सगळं काढावं लागतं. पत्नीचा प्रश्न वेगळा होता: “ह्यांचा स्वभाव बदलंल काय?” उत्तर दिलं गेलं, “शक्यता थोडी असते.” खरं, पण अपुरं उत्तर.

शस्त्रक्रिया

रक्त पातळ करणारी गोळी सात दिवस आधी बंद. आदल्या रात्रीपासून कंपवाताची औषधं बंद, कारण टेबलावर कंप दिसायला हवा. सकाळी भूल फक्त चामडीला देऊन डोक्याला फ्रेम बसवली, सीटी स्कॅन घेतला आणि तो आधीच्या एमआरआयवर संगणकात जुळवला.

मेंदूतल्या दोन ठरावीक बिंदूंना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यापासून १२ मिलिमीटर बाजूला, ३ मागे, ४ खाली ही सुरुवातीची जागा. ती प्रत्येकाच्या एमआरआयवर बघून दुरुस्त करायची असते. न्यूक्लियस बदामाच्या आकाराचा, पण बदामाहून बराच लहान. मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की परिणाम बदलतो. कवटीला १४ मिलिमीटरचं भोक, आधी डावीकडे, कारण उजवा हात त्या बाजूच्या ताब्यात. वरचा रक्तदाब १४० च्या खाली ठेवला. सुई आत जाताना रक्तस्रावाचं मोठं कारण चढलेला रक्तदाब असतो.

केसाहून बारीक टोकाचे तीन इलेक्ट्रोड एकदम उतरवून पेशींचा आवाज ऐकला. न्यूक्लियसमध्ये शिरताच आवाज एकदम भरून येतो, पत्र्यावर सर यावी तसा, आणि खाली गेल्यावर वेगळ्या, नियमित लयीचा होतो. मधल्या इलेक्ट्रोडवर ५ मिलिमीटर चांगला आवाज मिळाला. तिथे चाचणीचा प्रवाह दिला. १.५ मिलिअँपिअरला उजवा हात थांबला. रुग्णाने स्वतः हात उचलून डोळ्यांसमोर धरला आणि दहा सेकंद तसाच ठेवला. मग प्रवाह वाढवत दुष्परिणाम शोधले: ‘सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी’ म्हणायला लावणं, डोळे तिरळे होतात का, मुंग्या येतात का, ओठाचा कोपरा ओढला जातो का. ३.५ ला ओठ ओढला गेला. म्हणजे बाहेरच्या अंगाला असलेले स्नायूंकडे जाणारे तंतू फार लांब नव्हते. फायदा आणि त्रास यांच्यात २ मिलिअँपिअरचं अंतर मिळालं. ते पुरेसं मानलं गेलं आणि त्या दिवशी तरी ते पुरेसंच होतं.

१.२७ मिलिमीटर जाडीची तार बसवली. तिच्यावर चार पातळ्या, मधल्या दोन पातळ्या तीन-तीन तुकड्यांत विभागलेल्या, म्हणजे प्रवाह एका दिशेला वळवता येतो. उजवी बाजू त्याच बैठकीत झाली. संध्याकाळी पूर्ण भूल देऊन बॅटरी डाव्या कॉलरबोनखाली ठेवली. हृदयाचा पेसमेकर सहसा डावीकडे लागतो म्हणून अनेक ठिकाणी ही बॅटरी उजवीकडे ठेवतात. इथे हृदयाची तपासणी चांगली होती आणि उजवा खांदा दिवसभर कामात, म्हणून डावीकडे. रात्रीच्या सीटीत रक्तस्राव नाही.

पहिले दहा आठवडे

दुसऱ्या दिवशी, यंत्र सुरू नसतानाच, कंप जवळजवळ गेला होता. तार घुसल्याने आजूबाजूला तात्पुरती सूज येते आणि तिचाच हा परिणाम. तीनेक आठवड्यांत तो ओसरतो. घरच्यांना हे आधी सांगावं लागतं, नाहीतर कंप परतल्यावर शस्त्रक्रिया फसली असं वाटतं. इथे ते सांगितलं होतं.

पण याच दिवसांत पथकाने औषधं उतरवायला घेतली. प्रॅमिपेक्झोल १.५ वरून दहाव्या दिवशी शून्य. अमँटाडीन बंद. चौथ्या आठवड्यात यंत्र सुरू केलं. सेकंदाला १३० स्पंदनं, प्रत्येकाची रुंदी ६० मायक्रोसेकंद, डावीकडे २ मिलिअँपिअर. कंप काही सेकंदांत थांबला, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत लेव्होडोपा ७५० वरून ३०० वर आणला. रासाजिलीनचे १०० धरून बेरीज ४००. म्हणजे १२०० चा एक तृतीयांश.

प्रत्येक पायरीला कारण होतं. कंप नाही, ताठरपणा नाही, हालचालींचे गुण उत्तम. वायद्यांमुळे प्रॅमिपेक्झोल घालवण्याची घाई समजण्यासारखी होती. आठव्या आठवड्याच्या भेटीत हाताचे गुण लिहिले गेले, समाधानकारक असा शेरा पडला आणि भेट बारा मिनिटांत संपली.

नवव्या आठवड्यात मुलाचा फोन आला. बाबा कारखान्यात जात नाहीत. हात स्थिर आहे, पण चिमटा उचलत नाहीत. टीव्ही लावला तर बघतात, बंद केला तर भिंतीकडे बघतात. नातू मांडीवर बसवला तरी चेहरा हलत नाही. सकाळी अस्वस्थता, घाम, छातीत धडधड. घरात याचा अर्थ लावला गेला तो असा की एवढी चांदी मोडून हात बरा केला आणि आता हे कामचुकारपणा करतात. सासऱ्यांशी सुनेने बोलणं सोडलं होतं.

ही उदासीनता होती, नैराश्य नव्हे, जरी दोन्ही शेजारी असतात. रडणं नव्हतं, अपराधी वाटणं नव्हतं; इच्छाच उरली नव्हती. प्रॅमिपेक्झोलसारखी औषधं मेंदूतल्या उमेद आणि बक्षिसाच्या यंत्रणेला टेकू देतात. आवेग ताब्यात न राहणं हा त्या टेकूचा अतिरेक. टेकू एकदम काढला की दुसऱ्या टोकाचं रिकामपण येतं, आणि ज्याला आधी वायद्यांसारखा त्रास झाला असतो त्याला ते येण्याची भीती जास्त. सबथॅलॅमिक उत्तेजनाने हालचालींची कमतरता झाकली जाते, मनाची नाही. हात चांगला दिसतो म्हणून औषध पुरेसं आहे असा समज होतो तो यामुळेच.

बोलावून घेतलं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात आत्महत्येचा विचार थेट विचारायचा असतो. तो विचारला, तसं काही नव्हतं. मग दोन मार्ग होते. प्रॅमिपेक्झोल पूर्ण मात्रेत परत देणं म्हणजे वायद्यांना आमंत्रण. फक्त लेव्होडोपा वाढवणं सुरक्षित, पण उदासीनतेला अनेकदा अपुरं. आधी लेव्होडोपा ४५० केला. दोन आठवड्यांत घाम-धडधड थांबली, उमेद मात्र आली नाही. मग प्रॅमिपेक्झोल ०.३७५ मिलिग्रॅम सुरू केलं, एका अटीवर: वायद्याच्या खात्याचा पासवर्ड मुलाकडे, आणि दर पंधरवड्याला पत्नीशी वेगळं बोलणं. सुनेला आणि मुलाला अर्धा तास बसवून, जे झालं ते औषध उतरवल्याने, मनाचा खोटेपणा नाही, असं समजावलं. दहाएक आठवड्यांनी ते एक दिवस सांगितल्याशिवाय कारखान्यात जाऊन बसले.

बोलणं जड झालं

चौथ्या महिन्यात वेगळी तक्रार: फोनवर गिऱ्हाईक ‘काय म्हणालात?’ विचारतं. दर भेटीत डावीकडचा प्रवाह थोडा थोडा वाढून २.९ वर गेला होता. कशासाठी? तपासणीच्या खोलीत शंभरातून सात-सात वजा करायला लावलं की हातात किंचित कंप दिसे. तो घालवायला प्रत्येक वेळी ०.२ वाढवलं गेलं. रुग्णाची त्या कंपाबद्दल तक्रार नव्हती. तपासणाऱ्याला शून्य हवं होतं.

कारण शोधायची सोपी रीत वापरली. डावी बाजू अर्धा तास बंद: कंप दोन-तीन मिनिटांत परत, बोलणं स्वच्छ. उजवी बंद: बोलण्यात फरक नाही. म्हणजे आजार वाढलेला नव्हता, डावीकडचा प्रवाह बाहेरच्या तंतूंपर्यंत पसरत होता. तारेचा सीटी एमआरआयवर जुळवल्यावर वापरात असलेला बिंदू न्यूक्लियसच्या बाहेरच्या कडेला दिसला. नुसता प्रवाह कमी करून पाहिला, २.५ च्या खाली कंप परत. मग एक पातळी वर जाऊन आतल्या बाजूकडे तोंड असलेले दोन तुकडे निवडले. न्यूक्लियसच्या जरा वर आणि मागे कंपाशी संबंधित तंतू जातात, तिथे कमी प्रवाह पुरतो. २.४ वर हात स्थिर आणि उच्चार बराच सुधारला. आवाजाचा बारीकपणा आजाराचा, तो राहिला. त्यासाठी वाचा-उपचार लावले.

एक रात्र

सातव्या महिन्यात गणपतीच्या गडबडीत चार्जिंग राहिलं. पहाटे तीनला यंत्र बंद पडलं. कंप मिनिटांत परतला, सकाळपर्यंत अंग लाकडासारखं, कुशीवर वळता येईना. गावातल्या डॉक्टरांना अर्धांगाचा झटका वाटला. सीटीसाठी गाडी निघाली तेव्हा पत्नीने चार्जर लावला. पण चार्ज होऊनही उपचार आपोआप सुरू झाला नाही. बॅटरी पूर्ण रिकामी झाल्यावर रिमोटवरून तो मुद्दाम सुरू करावा लागला, आणि ते घरात कोणाला माहीत नव्हतं. फोनवरून सांगितल्यावर कंप लगेच गेला, चालणं सुधारायला संध्याकाळ झाली. आता सोमवार हा चार्जिंगचा वार, आणि रिमोटच्या पायऱ्या मराठीत लिहून देव्हाऱ्याशेजारी चिकटवल्या आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

औषधं निम्म्याच्या खाली न्यायची घाई नको होती, आणि प्रॅमिपेक्झोल दहा दिवसांऐवजी दोन-तीन महिन्यांत उतरवायला हवं होतं. वायद्यांचा धोका तेवढा काळ पासवर्ड काढून घेऊन आवरता आला असता. नंतर तेच केलं. त्याहूनही बरं, शस्त्रक्रियेच्या सहा महिने आधी ते हळू हळू कमी करता आलं असतं. कंप वाढला असता, पण ट्रायहेक्सिफेनिडिलच्या वेळी तो सोसला होताच.

आठव्या आठवड्याच्या भेटीत तीन प्रश्न विचारले असते तरी पुरलं असतं: दिवसभर काय करता, शेवटचं स्वतःहून काय केलंत, आणि पत्नीला एकटीला तेच. बारा मिनिटांत हे बसत नाही, आणि पहिल्या तीन महिन्यांत बारा मिनिटांची भेट ठेवायचीच कशाला, हा प्रश्न पथकाने स्वतःला विचारायला हवा होता.

पत्नीच्या ‘स्वभाव बदलंल काय’ या प्रश्नाला उत्तर असं द्यायला हवं होतं: बदल दिसला तर तो आळस समजू नका, आठ दिवसांत कळवा, तो बहुतेक वेळा औषधाने सुधारतो. सुनेचं बोलणं तरी तुटलं नसतं.

कारखान्याची पाहणीही आधी व्हायला हवी होती. चांदी वितळवायला हल्ली विजेची इंडक्शन भट्टी असते. तिचं चुंबकीय क्षेत्र छातीतल्या बॅटरीला त्रासदायक. हे कळलं ते सहाव्या महिन्यात, योगायोगाने. गॅसची फुंकणी चालते. विजेचं वेल्डिंग नाही. फिजिओथेरपीतला डायथर्मीचा शेक तर कधीच नाही, तारेच्या टोकाशी मेंदू भाजून मृत्यू झालेले आहेत. एमआरआय काढायचा तर यंत्राचं कार्ड आधी दाखवून, ठरलेल्या अटींवरच.

वर्षानंतर

औषध बंद, यंत्र सुरू अशा स्थितीत हालचालींचे गुण ४६ वरून २२. उजव्या हाताचा कंप मोजायच्या चारच्या पट्टीवर आधी ४, आता १. लेव्होडोपा दिवसाला १०० च्या पाच, प्रॅमिपेक्झोल ०.३७५, रासाजिलीन चालू. बेरीज सुमारे ६४०, म्हणजे आधीच्या निम्म्याहून थोडी जास्त, आणि ती तशीच ठेवली आहे. मोका २५. मानेच्या वेड्यावाकड्या हालचाली नाहीतच म्हटलं तरी चालेल.

कारागीर सकाळी तीन तास बसतात. झाळण्याचं काम स्वतः करतात, भट्टीवर पुतण्या असतो आणि भट्टी शेडच्या दुसऱ्या टोकाला हलवली आहे. गर्दीत बोलताना आवाज अजून पोचत नाही, म्हणून गिऱ्हाइकाचे फोन मुलगा घेतो. गेल्या भेटीत त्यांनी एकच मागणी केली: वायद्याच्या खात्याचा पासवर्ड परत पाहिजे. पत्नी नको म्हणते, मुलगा गप्प असतो. प्रॅमिपेक्झोल आणखी खाली आणता येतं का हे आधी पाहायचं आणि मग त्यावर बोलायचं, एवढंच तूर्त ठरलं आहे.